घात खाली आला आणि संख्या सम झाली

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गुरुवार, २४ ऑक्टोबरच्या अंकात उमेदवारांच्या याद्या आणि सोन्याच्या पेढ्यांच्या जाहिराती यांच्यामध्ये उरलेल्या जागेत आपण ‘जगातील सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली’ अशी छोटी बातमी दिलीत. निवडणुकीच्या धामधुमीत गणिताला एवढी तरी जागा मिळाली, याचे आधी कौतुक करते आणि मग भांडायला घेते. त्या बातमीत ती संख्या अशी छापली आहे : २१३६२७९८४१ – १.

ही वजाबाकी कुणीही करून पाहावी. उत्तर २१३६२७९८४०. शेवटी शून्य! म्हणजे तिला दोनाने भाग जातो, पाचाने जातो, दहाने तर जातोच; आणि अंकांची बेरीज ४२ येते म्हणून तिनानेही जातो. १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही ती मूळ संख्या, ही व्याख्या आपणच बातमीच्या दुसऱ्या ओळीत दिली आहे. पहिली ओळ आणि दुसरी ओळ यांची एकमेकींशी गाठच पडलेली दिसत नाही.

हे कसे झाले ते मी सांगू शकते. गिरगावातल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होते आणि माझ्या वाट्याला बहुतेक गणिताची पाठ्यपुस्तके यायची, कारण ती दुसरे कुणी घेत नसे. खिळ्यांच्या काळात घाताचा आकडा म्हणजे वेगळ्या खणातला बारीक खिळा. जुळाऱ्याचा हात चुकून नेहमीच्या खणात गेला की ‘२ चा ५ वा घात’ चक्क पंचवीस होऊन बसे. संगणक आल्यावर हे थांबेल असे वाटले होते. उलट वाढले. मजकूर ई-मेलमधून उचलून पानावर ओतला, फॉन्ट बदलला, की वर चढवलेले आकडे निमूटपणे खाली उतरून ओळीत उभे राहतात; आणि पडद्यावर काही बिघडल्यासारखे दिसतही नाही, कारण आकडे सगळे जागच्या जागी असतात. आपल्या पानावर नेमके हेच घडले आहे. पहिला २ हा पाया आहे. त्याच्या पुढचे नऊ आकडे, म्हणजे १३६२७९८४१, वर चढलेले हवे होते.

इतके दोन घ्यायचे, म्हणजे १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ दोन, त्या सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा. जी संख्या येते ती ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे. आपण छापलेली दहा अंकी. आकडा वर चढवण्याची सोय नसेल तर सरळ शब्दांत लिहावे. या पत्रात मी तसेच करते आहे, म्हणजे हे पत्र छापलेत तर त्यात तरी घात खाली यायला नको.

‘अतिप्रचंड’ हे विशेषण बातमीत दोनदा आले आहे, पण त्याने काही कळत नाही. छापखान्याच्या हिशेबाने सांगते. पानावर चाळीस ओळी आणि ओळीत साठ अंक धरले तर या संख्येला सतरा हजारांहून अधिक पाने लागतील. पाचशे पानांचा एक खंड केला तर पस्तीस खंड, शेवटचा जरा बारीक. आता मुद्रितशोधन. आमच्याकडे आकड्यांची कोष्टके तपासताना एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसरीने मुद्रितावर बोट ठेवून ऐकायचे, अशी पद्धत होती. सेकंदाला एक अंक या वेगाने, दिवसाचे आठ तास, रविवारसुद्धा न सोडता वाचत गेले तर जवळजवळ चार वर्षे लागतील. शिवाय आकडे तपासणे हे अक्षरे तपासण्याहून फार कठीण. ‘पाणी’चे ‘पणी’ झाले तर डोळ्याला खुपते; ४ चा ९ झाला तर काहीच खुपत नाही.

आणि तरीही एवढी संख्या न पाहता तिच्याबद्दल बरेच काही कागद-पेन्सिलीने सांगता येते. मला या बातमीतली खरी मजा हीच वाटते. नातीला शेजारी बसवून मी हे केले. आठवीतल्या मुलीला समजले, तेव्हा आपल्या वाचकांनाही समजेल.

दोनाचे घात लिहीत गेले की ४, ८, १६, ३२, ६४, १२८ असे ते वाढत जातात, पण शेवटचे दोन अंक दर वीस पायऱ्यांनी परत तेच येतात. आपल्या घातांकाला, म्हणजे वर चढलेल्या आकड्याला, वीसने भागले की बाकी १ उरते. म्हणून शेवटचे दोन अंक २ च्या २१ व्या घाताचे जे आहेत तेच. २ चा २१ वा घात २०,९७,१५२. शेवटी ५२. त्यातून १ गेला, ५१. म्हणजे ४ कोटी १० लाख अंकांच्या शेवटी ५१ आहे, हे सांगायला महासंगणक लागत नाही. (सुरुवात ८८१६ ने होते. त्याला मात्र लॉग लागतात. ते नातीच्या अजून वाट्याला आलेले नाहीत.)

दुसरी तपासणी नवाच्या बाकीची. जुन्या मुनीम लोकांना ही तोंडपाठ असे. दोनाच्या घातांना नऊने भागले तर बाकी २, ४, ८, ७, ५, १ अशी येते आणि मग पुन्हा २ पासून सुरू. म्हणजे सहाचे चक्र. आपल्या घातांकाला सहाने भागून ५ उरतात, तेव्हा पाचवी बाकी घ्यायची, ५. त्यातून १ वजा, ४. याचा अर्थ असा की या संख्येच्या सगळ्या अंकांची बेरीज करून तिला नऊने भागले तर ४ च उरले पाहिजेत. ३ आणि ७ या दोन सोडल्या तर या जातीच्या, म्हणजे दोनाच्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या, कुठल्याही मूळ संख्येची नवाची बाकी १ किंवा ४ येते, तिसरी येतच नाही. ३१ ची ४, १२७ ची १, ८१९१ ची १, १३१०७१ ची ४. पस्तीस खंड छापले आणि बाकी ४ आली नाही, तर कुठेतरी चूक आहे हे नक्की. बाकी ४ आली तर मात्र चूक नाही असे म्हणता येत नाही. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, आणि जुळाऱ्यांची आवडती चूक तीच.

आता मथळ्याकडे येते. ‘सर्वांत मोठी मूळ संख्या’ अशी वस्तू अस्तित्वातच नाही. ही ‘आजवर माहीत असलेल्यांत सर्वांत मोठी’ आहे, आणि पहिल्या तीन शब्दांवाचून मथळा खोटा ठरतो. मूळ संख्या कधी संपत नाहीत हे युक्लिडने तेवीसेक शतकांपूर्वी दाखवून ठेवले आहे. कितीही मूळ संख्यांची यादी द्या, त्या सगळ्यांचा गुणाकार करून १ मिळवला की येणाऱ्या संख्येला यादीतल्या कुणानेच भाग जात नाही. म्हणजे यादीबाहेर कुणीतरी मूळ संख्या आहेच. इथे आपले लेखक-वार्ताहर आणखी एक घसरण करतात, ती आधीच सांगून ठेवते : गुणाकार अधिक १ ही संख्या स्वतः मूळ असलीच पाहिजे असे नाही. २, ३, ५, ७, ११, १३ यांचा गुणाकार अधिक १ म्हणजे ३००३१, आणि ते ५९ गुणिले ५०९ आहे. यादीबाहेरचे हे दोघे आत लपून बसलेले.

या नव्या संख्येच्या लगतची पुढची मूळ संख्या कोणती, हे आज कुणालाही माहीत नाही. एवढ्या मोठ्या संख्यांच्या प्रदेशात मूळ संख्या सरासरी नऊ कोटी चव्वेचाळीस लाखांच्या अंतराने येतात. दोनआकडी संख्यांत त्या अगदी खेटून आहेत, पुढे विरळ होत जातात, पण थांबत नाहीत.

मग एवढ्या दूरची हीच नेमकी कशी हाती लागली? कारण ती विशिष्ट घडणीची आहे. संगणकाच्या शून्य-एकच्या लिपीत लिहिली तर तिच्यात शून्य एकही नाही. सलग १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एक. हे वाचताच मला द. रा. कापरेकर आठवले. ते डहाणूला १९०५ साली जन्मले, देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली, आणि ६१७४ या संख्येमुळे जगभर माहीत झाले. त्यांच्या ‘डेम्लो संख्या’ त्यामानाने कमी लोकांना ठाऊक आहेत. १, १२१, १२३२१ या त्यांतल्या सगळ्यांत साध्या. १, ११, १११ यांचे वर्ग. हे डेम्लो म्हणजे दुसरे तिसरे कुणी नसून आपले डोंबिवली स्टेशन. जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य, रेल्वेच्या त्या स्टेशनावर ही कल्पना त्यांना सुचली म्हणून ते नाव. आज सकाळी साडेआठला डोंबिवलीच्या फलाटावर कुणाला संख्या सुचतील असे वाटत नाही. सुचलीच तर लोकलमधली चौथी सीट सुचेल.

पण त्या नुसत्या एक-एक-एकच्या रांगांमध्येच या बातमीची किल्ली आहे. सहा एक घ्या : ११११११. त्यांचे तीन-तीनचे दोन गट पडतात, म्हणून त्या संख्येला १११ ने भाग जातो. दोन-दोनचे तीन गटही पडतात, म्हणून ११ नेही जातो. हा न्याय आपल्या दशमान पद्धतीत चालतो तसाच शून्य-एकच्या लिपीतही चालतो. तिथे सहा एक म्हणजे ६३, आणि ६३ ला ७ ने व ३ ने भाग जातो. एकंदरीत, एकांची संख्या जर सारख्या गटांत पाडता येत असेल तर ती रांग मूळ संख्या असूच शकत नाही. म्हणून १३,६२,७९,८४१ ही स्वतः मूळ संख्या असणे भागच होते, आणि ती आहे. उलट दिशेने मात्र हमी नाही. ११ ही मूळ संख्या, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९. दशमानातही तेच. ११ मूळ आहे, पण १११ ला ३७ ने भाग जातो, ११११ ला ११ ने, आणि १११११ सारखी दिसायला निष्पाप असलेली पाच एकांची रांगही ४१ गुणिले २७१ निघते. पुढची मूळ रांग थेट एकोणीस एकांची, मग तेवीसांची, आणि त्यानंतर एकदम ३१७.

२३ आणि ८९ यांच्याकडे जरा निरखून पाहा. २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे ८८ अधिक १. दोन्ही वेळा ११ च्या दुपटीचा पाढा आणि वर एक. हा योगायोग नाही. घातांक मूळ आणि विषम असेल तर भाजक असाच यावा लागतो, असा नियमच आहे. तो आपल्या संख्येला लावला तर ज्याचा विचार तरी करावा असा पहिला भाजक निघतो २७,२५,५९,६८३. त्याच्या खालच्या कुठल्याही संख्येने या अगडबंब संख्येला भाग जाणार नाही, हे भागाकार न करताच ठरले. सात, अकरा, तेरा अशी सुरुवात करायची गरजच नाही.

या जातीच्या मूळ संख्यांना मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. आपल्या बातमीत नाव ‘मर्सिडीज’च्या फार जवळ गेले आहे, तेही सुधारावे. मेर्सेन हे फ्रेंच धर्मगुरू. १६४४ साली त्यांनी पुस्तकात यादी छापली : २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरांनाच मूळ संख्या मिळते. या यादीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ नको होते. ६१, ८९ आणि १०७ हवे होते. पूर्ण दुरुस्त यादी हाती यायला १९४७ साल उजाडले. शुद्धिपत्राला तीनशे तीन वर्षे! आपल्याकडे ते रविवारपर्यंत यावे एवढीच अपेक्षा आहे.

यात माझ्या पेशाच्या माणसाला चैन पडू देणार नाही असा एक तर्क आहे. ६७ नको होता आणि ६१ हवा होता. तर मेर्सेन यांनी ६१ च लिहिला असावा आणि छापताना त्याचा ६७ झाला असावा, असे काहींचे म्हणणे आहे. इंग्रजी-फ्रेंच आकड्यांत तर एक आणि सात यांची गल्लत व्हायला हस्ताक्षर जरा तिरके असले तरी पुरे. हे सिद्ध करायला आता काही साधन नाही. पण १६४४ सालच्या त्या मुद्रितशोधकाच्या जागी स्वतःला बसवून पाहिले की पोटात गोळा येतो. ६१ आणि ६७, दोन्ही मूळ संख्या, दोन्ही दिसायला सारख्याच साजिऱ्या, कशावरून धरायचे?

६७ चे पुढे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. २ चा ६७ वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या मूळ नाही, हे फ्रान्सच्या एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवले. पण तिचे अवयव कोणते, हे त्यांनाही माहीत नव्हते. भाग जातो हे ठाऊक, कशाने जातो हे ठाऊक नाही! १९०३ च्या ऑक्टोबरात फ्रँक नेल्सन कोल अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फळ्यापाशी गेले. किस्सा असा सांगतात की त्यांनी तोंडातून शब्द न काढता एका बाजूला दोनाचा घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार उभा मांडून पूर्ण केला, दोन्ही उत्तरे जुळली, आणि ते जागेवर जाऊन बसले. टाळ्या पडल्या. वर सांगितलेला नियम इथेही लावून पाहावा : १९,३७,०७,७२० ला १३४ ने नि:शेष भाग जातो.

त्याच १८७६ साली ल्युका यांनी २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे हाताने सिद्ध केले, आणि माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हा मान पंचाहत्तर वर्षे तिच्याकडे राहिला. त्यांची रीत पुढे डेरिक लेहमर यांनी घासूनपुसून नीट केली. आजही हीच वापरतात, आणि ती इतकी साधी आहे की वर्तमानपत्रात देता येते. ४ घ्या. वर्ग करा, त्यातून २ वजा करा, आणि जी संख्या तपासायची तिने भागून बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करून शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, नाही तर नाही. १२७ साठी (घातांक ७, म्हणून पाच वेळा) : ४ चे १४, १४ चे १९४ म्हणजे बाकी ६७, ६७ चे ४२, ४२ चे १११, आणि १११ चा वर्ग वजा २ म्हणजे १२,३१९, जे बरोबर १२७ गुणिले ९७. बाकी शून्य. २०४७ साठी नऊ पायऱ्या केल्या तर शेवटी १,७३६ उरतात. पकडले.

नव्या संख्येसाठी हीच पायरी १३,६२,७९,८३९ वेळा करायची, दर वेळी चार कोटी अंकी संख्येचा वर्ग करून. एका पायरीत एका अंकाची चूक झाली की पुढचे सगळे वाया. म्हणून हे काम एका यंत्रावर सोडत नाहीत. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स प्रोसेसरने ‘बहुधा मूळ’ असा इशारा दिला. १२ तारखेला टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथल्या दुसऱ्या प्रोसेसरने ल्युका-लेहमर कसोटीने शिक्कामोर्तब केले. मग वेगळ्या यंत्रांवर वेगळ्या प्रणालींनी पुन्हा पडताळून पाहिले, आणि २१ तारखेला जाहीर केले. मुद्रित दुसऱ्याने वाचावे हा नियम त्यांनी पाळला. शोध ल्यूक ड्युरंट यांच्या नावावर आहे. वय ३६, एनव्हिडिया कंपनीचे माजी कर्मचारी. आपल्या बातमीत त्यांना ‘शास्त्रज्ञांचे पथक’ केले आहे. पथक आहे, पण वेगळ्या अर्थाने : जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात जगभरचे हौशी लोक आपापले संगणक रिकाम्या वेळात जुंपतात. अठ्ठावीस वर्षांत तिथे सापडलेल्या मूळ संख्या साध्या घरगुती-कार्यालयीन संगणकांनी शोधल्या होत्या. ग्राफिक्स प्रोसेसरने शोधलेली ही पहिली. आधीचा विक्रम डिसेंबर २०१८ चा, २ चा ८,२५,८९,९३३ वा घात वजा १. ड्युरंट यांना मिळणारे ३,००० डॉलर ते आपल्या जुन्या शाळेच्या गणित विभागाला देणार आहेत. ही ओळ बातमीत असती तर बरे वाटले असते.

‘बावन्नावी मेर्सेन संख्या’ हेही जपून लिहावे. सापडलेल्यांत बावन्नावी, एवढेच खात्रीने म्हणता येते. मधल्या सगळ्या घातांकांची दुहेरी तपासणी अजून पुरी झालेली नाही. एखादी लहान मागे राहिलेली असू शकते. २००८ मध्ये तसे घडलेही : घातांक ४,३१,१२,६०९ ची ऑगस्टमध्ये सापडली, आणि तिच्याहून लहान, ३,७१,५६,६६७ ची, त्यानंतर सप्टेंबरात.

आता शेवटच्या परिच्छेदातले वाक्य, ज्यामुळे मी खरी पत्र लिहायला बसले : ‘या शोधामुळे बँक व्यवहार अधिक सुरक्षित होतील.’ आमच्या इमारतीतले सहकारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ ते कापून व्हॉट्सॲपवर फिरवत आहेत आणि आता ओटीपी विचारणारे भामटे बंद होणार असे सांगत आहेत. तसे काही होणार नाही. मूळ संख्यांचा गुप्तलेखनाशी संबंध आहे हे खरे. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी १९७७ मध्ये काढलेली आरएसए पद्धत दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. गुणाकार करणे सोपे, गुणाकारावरून त्या दोघी ओळखणे फार अवघड. पण आज प्रचलित असलेल्या २०४८ बिटांच्या किल्लीत त्या मूळ संख्या साधारण ३०८ अंकी असतात, चार कोटी अंकी नव्हे. त्या तेवढ्यापुरत्या नव्या शोधल्या जातात आणि गुप्त ठेवल्या जातात. ३०८ अंकांच्या आसपास सातशे-सव्वासातशे संख्यांमागे एक मूळ संख्या येते, त्यामुळे संगणकाला ती क्षणात मिळते. जी संख्या जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली (खाली आलेल्या घातासकट का होईना), ती गुपित म्हणून कुलपाला काय कामाची? भामटा फोनवर ओटीपी मागतो तेव्हा तो कुठल्याही संख्येचे अवयव पाडत नसतो. तो आपल्याच तोंडून काढून घेतो. ज्येष्ठ नागरिकांच्या मनात खोटी निर्धास्ती पेरणारे हे वाक्य मागे घेतलेच पाहिजे. बाकीचे एक वेळ रविवारी छापा, हे आधी छापा.

या संख्येचा आज व्यवहारात उपयोग नाही, असे खुशाल लिहावे. वाचक दुखावत नाहीत. तिच्यामुळे एक नवी परिपूर्ण संख्याही मिळाली, ६, २८, ४९६, ८१२८ या घराण्यातली, जिच्या स्वतःखेरीज सगळ्या भाजकांची बेरीज ती स्वतःच होते. तिचाही उपयोग नाही. आणि उपयोगाचेच काही हवे असेल तर परदेशी संस्थेच्या बातमीबरोबर दोन ओळी इकडच्या द्याव्यात : कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वाजवी वेळात सांगणारी पहिली सर्वसाधारण रीत ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरला मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी दिली. मेर्सेन संख्यांसाठी ल्युकांची जुनी रीतच जलद पडते, म्हणून इथे ती वापरली नाही, एवढेच. शंका आली तर विचारायला मुंबईत माणसे कमी नाहीत. कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे. एक फोन पुरला असता.

कळावे,
आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई
२६ ऑक्टोबर २०२४

ता. क. : त्याच पानावरच्या मुलांच्या कोड्यात ‘सर्वांत लहान मूळ संख्या १’ असे उत्तर दिले आहे. ती २. एकाला मूळ धरले तर ६ चे मूळ अवयव २ गुणिले ३, की १ गुणिले २ गुणिले ३, की त्यात आणखी चार एक, याला धरबंध राहत नाही. नातीने २ लिहून कोडे पाठवले होते. तिचे बक्षीस पाठवून द्यावे.